उपरी मुळं, गळालेली मुळं

दहावी होऊन अकरावी शास्त्र शाखेत आलेल्या मुलांना मी सुरुवातीलाच एक समीकरण देतो: √(६ − क्ष) = −क्ष. एका ओळीचं, साधं. उजवीकडची ऋण खूण पाहून एखादी मुलगी विचारते, ‘‘सर, पण वर्गमूळ ऋण कसं येईल?’’ प्रश्न अगदी नेमका असतो. पण तो विचारून होईपर्यंत बाकीच्यांनी दोन्ही बाजूंचा वर्ग करून टाकलेला असतो.

मी बाकांमधून फिरत वह्यांत डोकावतो. ६ − क्ष = क्ष². पक्षांतर करून क्ष² + क्ष − ६ = ०. मधल्या पदाची फोड, (क्ष + ३)(क्ष − २) = ०. म्हणून क्ष = −३ किंवा क्ष = २. इथपर्यंत एकाचंही बोट अडखळत नाही. दहावीत हे इतकं घोटलेलं असतं की ओळी आपोआप उतरतात. मग शेवटची ओळ येते, आणि बहुतेक वह्यांत ती सारखीच असते: ‘परंतु क्ष ऋण नाही. ∴ क्ष = −३ अमान्य. ∴ क्ष = २.’ खाली दोन रेघा.

आता ताळा घेऊ. क्ष = २ ठेवलं तर डावी बाजू √४, म्हणजे २. उजवी बाजू −२. जुळत नाही. क्ष = −३ ठेवलं तर डावी बाजू √९, म्हणजे ३. उजवी बाजू −(−३), म्हणजे तीही ३. जे मूळ खरं होतं त्यावर मुलांनी काट मारली आणि उपऱ्याला ठेवून घेतलं.

ही सवय कुठून आली ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. वर्गसमीकरणांवरची शाब्दिक उदाहरणं आठवा. आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ ने जास्त, क्षेत्रफळ ६०, तर रुंदी किती? क्ष² + ७क्ष − ६० = ०. मुळं ५ आणि −१२. ‘परंतु रुंदी ऋण नसते’ असं लिहून −१२ सोडायचं. ते बरोबरच आहे. पण −१२ हे त्या समीकरणाचं अस्सल मूळ आहे, ताळ्यात ते चोख बसतं. समीकरणाची त्याला काहीच हरकत नाही, हरकत आहे ती आयताची. अशी दहा-वीस उदाहरणं सोडवल्यावर आयत विसरला जातो आणि ‘ऋण म्हणजे अमान्य’ एवढंच हातात उरतं. म्हणून माझ्या वर्गात ‘अमान्य’ हा शब्द एकटा लिहायला मनाई आहे. कोणी अमान्य केलं ते लिहायचं: समीकरणानं की गोष्टीनं?

हा भेद आपल्याकडे फार जुना आहे आणि तो नेमका कुठे आहे हे मुलांना सांगायला मला मनापासून आवडतं. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या बीजगणितात, मध्यमाहरणाच्या प्रकरणात, माकडांची दोन उदाहरणं आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्श्याच्या वर्गाइतकी माकडं वनात खेळताहेत आणि उरलेली १२ डोंगरावर आहेत. एकूण किती? उत्तरं ४८ आणि १६. ताळा घ्या: ४८ चा आठवा हिस्सा ६, वर्ग ३६, अधिक १२. १६ चा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही जमतात आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडं गुहेत शिरली आणि एक फांदीवर दिसतंय. मुळं येतात ५० आणि ५. मुलांना मी ५ चा ताळा मोठ्यानं घ्यायला लावतो. पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले −२, त्याचा वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. जमलं की! वर्गात चुळबुळ सुरू होते. ‘‘मग ५ का नको, सर?’’ कारण वर्ग करण्याआधी तिथे ‘उणे दोन माकडं’ उभी आहेत. भास्कराचार्यांनी ५ हे मूळ घ्यायला नकार दिला तो याच कारणानं: प्रत्यक्ष वस्तूंची संख्या ऋण असण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. ऋण संख्या त्यांना वर्ज्य होत्या असं मुळीच नाही. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात हे त्याच ग्रंथात त्यांनी स्पष्ट सांगितलंय. एकाच माणसानं एकीकडे दोन्ही मुळं घेतली, दुसरीकडे एक नाकारलं, आणि नाकारताना कारण दिलं. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव यानं तिथे मठ उभारला. त्या मठात ही माकडं कशी शिकवली जात असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आयत आणि माकडं या दोन्ही ठिकाणी मूळ खरं होतं, गोष्टीनं ते नाकारलं. आपल्या पहिल्या समीकरणातलं २ मात्र समीकरणाचंच नव्हतं. मग ते आलं कुठून?

ते वर्ग करण्याच्या पायरीवर आत शिरलं. √(६ − क्ष) = −क्ष याचा वर्ग केला काय आणि √(६ − क्ष) = क्ष याचा केला काय, हाती ६ − क्ष = क्ष² हेच येतं. २ हे या दुसऱ्या समीकरणाचं मूळ आहे. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं आणि दोन वेगळी समीकरणं एक होऊन बसतात. फळ्यावर आलेख काढला की हे लख्ख दिसतं. ६ − क्ष = य² हा डावीकडे तोंड उघडलेला आडवा अन्वस्त. वर्गमुळाची खूण म्हणजे त्याचा फक्त वरचा अर्धा भाग. त्यावर य = −क्ष ही तिरपी रेषा काढायची. ती वरच्या भागाला क्ष = −३ पाशी छेदते आणि खालच्या भागाला क्ष = २ पाशी. खालचा भाग मी डस्टरनं पुसतो. २ त्याच्याबरोबर जातं.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. वर्गमूळ ऋण येत नाही, म्हणून −क्ष ऋण असता कामा नये, म्हणून क्ष शून्य किंवा त्याहून लहान हवा. ही ओळ वर्ग करण्याआधी लिहिली असती तर २ दारातच अडवता आलं असतं.

छेदातही असंच होतं. १/(क्ष − २) + १/(क्ष + २) = ४/(क्ष² − ४). छेद घालवण्यासाठी दोन्ही बाजूंना क्ष² − ४ ने गुणलं की २क्ष = ४, क्ष = २. आणि क्ष = २ असताना मूळ समीकरणातला पहिलाच छेद शून्य होतो. म्हणजे उकल नाही. ‘उकल नाही’ हे शब्द लिहायला मुलांचा हात धजत नाही. पुन्हा पुन्हा आकडेमोड तपासतात, खोडतात, शेजारच्याच्या वहीत बघतात. इतकी मेहनत करून उत्तर ‘नाही’ असं कसं असेल? पण तेच पूर्ण उत्तर आहे.

उपऱ्या मुळांना निदान ताळ्याची भीती असते. मला जास्त काळजी वाटते ती गळालेल्या मुळांची. क्ष² = ५क्ष हे समीकरण द्या. पुष्कळ मुलं दोन्हीकडचा क्ष कापतात आणि क्ष = ५ लिहून मोकळी होतात. ताळा घेतला तर तोही जमतो: २५ = २५. पण क्ष = ० हेही मूळ होतं, ते कापाकापीत गेलं. क्ष शून्य असू शकतो का हे न विचारताच क्षने भागलं गेलं. (क्ष − ३)(क्ष + २) = ४(क्ष − ३) यात कंस कापला की क्ष = २ मिळतो आणि ३ जातो. अकरावीत लॉग क्ष² = ४ आलं की ‘घात पुढे घ्या’ या नियमानं २ लॉग क्ष = ४ करतात, क्ष = १०० मिळवतात आणि −१०० गमावतात. हातात जे मूळ आहे ते खरं की खोटं एवढंच ताळा सांगतो. जे हातात आलंच नाही त्याच्याबद्दल तो काही सांगू शकत नाही.

म्हणून ताळ्याच्या जोडीला मी बाण वापरायला लावतो. बेरीज, वजाबाकी, शून्य नसलेल्या संख्येनं गुणणं किंवा भागणं, या पायऱ्यांवरून उलटं परत येता येतं. तिथे दोन टोकांचा बाण. वर्ग करणं, चल असलेल्या पदानं गुणणं, तिथे एका टोकाचा बाण, म्हणजे शेवटी ताळा सक्तीचा. आणि चलानं भागायचंच असेल तर आधी समासात लिहायचं: ‘तो शून्य असेल तर?’ भागण्यापेक्षा सगळं एका बाजूला आणून सामाईक अवयव काढणं केव्हाही बरं. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. ‘‘याला मार्क आहेत का, सर?’’ हा प्रश्न ठरलेला. त्यांना तरी काय दोष द्यायचा? आपण ताळा कच्च्या कामाच्या रकान्यात ढकलला आणि ती उत्तराची एक पायरी आहे हे सांगायचं राहून गेलं. शिक्षक मित्रांनो, ताळा न घेतलेलं वर्गमुळाचं समीकरण अपुरं समजा आणि तसं वहीत लिहा.

घरी सोडवायला एक देतो: √(२क्ष + ३) − √(क्ष + १) = १. याला दोन उकली आहेत. एकच हाती लागली, तर दुसरी गळाली की तुम्हीच तिच्यावर काट मारली, ते पायरीगणिक मागे जाऊन शोधा.