आपला गर्व ओळखावा कसा?

लोभी मनुष्याला आपण लोभी आहोत, हे निदान एकांतात तरी कळते. रागीट मनुष्याचा राग ओसरला म्हणजे त्याला पश्चात्ताप होतो. आळशी मनुष्य तर आपल्या आळसाच्या गोष्टी चारचौघांत हसत हसत सांगतो. गर्वाचे तसे नाही. ज्याच्या अंगी तो असतो त्याला तो दिसत नाही. इतरांना मात्र त्याच्या घराचा उंबरा ओलांडताच दिसतो. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ ही जोडी मराठीत इतकी रुळली आहे की, डोंगरावरील प्रवचनात येशू ख्रिस्ताने हाच दाखला दिला आहे, याची पुष्कळांस कल्पनाही नसते.

ख्रिस्ती आचार्यांनी या दुर्गुणाचा विचार फार बारकाईने केला आहे. चौथ्या शतकात मिसर देशाच्या अरण्यात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची गणना केली, तीत लौकिकाची हाव आणि गर्व ही दोन निरनिराळी मोजली. लौकिकाचा भुकेला लोकांच्या तोंडाकडे तरी पाहतो. गर्विष्ठाला लोकांची तेवढीही गरज उरत नाही. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचा धर्माध्यक्ष ग्रेगरी याने गर्वाला इतर पापांच्या ओळीत न बसविता त्या सर्वांचे मूळ ठरविले. या सर्व विचारवंतांना एक गोष्ट सारखीच जाणवली होती. इतर दुर्गुण मनुष्याच्या दोषांवर वाढतात; हा त्याच्या गुणांवर वाढतो. उपास केला की उपासाचा, दान केले की दानाचा, आणि नम्रता साधली की नम्रतेचाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला प्रसिद्ध आहे. दोघे मंदिरात प्रार्थनेस जातात. परूशी आपले उपास आणि दशांश देवापुढे मांडतो, व आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहून केवळ दया मागतो, आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, परूशी खोटे बोलत नाही. तो खरोखरच उपास करीत होता, खरोखरच दशांश देत होता. त्याच्या प्रार्थनेत आभारसुद्धा आहेत. फक्त मागणे नाही. देवाकडून त्याला काहीच घ्यावयाचे नव्हते. हा दाखला वाचून 'बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही' असे ज्याच्या मनात येते, त्याने ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश उच्चारून पाहावे.

गर्वाची परीक्षा बहुधा देण्याच्या प्रसंगी केली जाते. कोण किती मोठेपणाने देतो, कोण देताना तोरा मिरवितो, हे लोक पाहतात. परंतु गर्व खरोखर उघडा पडतो तो घेण्याच्या प्रसंगी. कोणाच्या हातचे पाणी घेताना हात आखडतो, कोणाकडून उपदेश घेताना कान बंद होतात, कोणाची मदत घेताना जीव कासावीस होतो, हे ज्याने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासले, त्याच्या हाती काही तरी लागेल.

हातच्या पाण्याची गोष्ट येथे केवळ अलंकार म्हणून आलेली नाही. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) ती अक्षरशः घडली आहे, आणि जिच्या बाबतीत घडली त्या स्त्रीने ती स्वतः लिहून ठेविली आहे.

अमेरिकन मराठी मिशनने नगरास आपले ठाणे १८३१ साली दिले. तेथूनच १८४२ साली 'ज्ञानोदय' निघू लागले. पुढे याच मिशनच्या कामात रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नगरास येऊन राहिले. टिळक कवी, विद्वान, चित्पावन ब्राह्मण. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपियन प्रवाशाने त्यांना 'नव्या करारा'ची प्रत दिली, ती त्यांनी घेतली, वाचली, आणि १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले. कित्येक वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. अखेर त्या पतीकडे आल्या. पण येताना आपले सोवळे बरोबर घेऊन आल्या.

या सोवळ्याची मुळे खोल होती. लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांच्या सोवळ्याने वेडाचे रूप घेतले. बाजारातून आलेले सामान धुतल्यावाचून घरात येत नसे. 'स्मृतिचित्रे' या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राच्या आरंभीच हा प्रकार वर्णिला आहे. आणि तो वाचताना हसू येत असले तरी, त्या सोवळ्याखाली घरातल्या बायकामुलांचे काय हाल होत, तेही वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. ज्या मुलीने हे सर्व सोसले, तीच मोठेपणी ख्रिस्ती वस्तीत राहून आपली वेगळी चूल आणि वेगळे पाणी सांभाळीत होती. आपण करतो तो गर्व आहे, असे तिला कोणी सांगितले असते तर तिला ते मुळीच पटले नसते. तिच्या लेखी तो धर्म होता, शुचिता होती, पूर्वजांविषयीची निष्ठा होती. गर्व मनात शिरतो तेव्हा बहुतेक असल्याच कोणत्या तरी भल्या नावाने शिरतो.

येथे टिळकांच्या वागण्याची दखल घेतली पाहिजे. ते स्वभावाने तापट. क्षुल्लक गोष्टीवरून घर डोक्यावर घेणारे. परंतु या एका बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. तिला तिचे सोवळे पाळू दिले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच प्रश्न घातला की, जाती केल्या त्या देवाने की माणसाने? विचार करता करता त्या माणसानेच केल्या, असे उत्तर त्यांना मिळाले. आणि उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. हे घडले बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली, राहुरीस घेतला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की धर्मांतर झाले म्हणजे गर्व गळतो. तसे होत नाही. देशी ख्रिस्ती मंडळ्यांतही बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर जातीचा ताठा आपोआप वाहून गेला नाही. आणि जेथे गेला तेथे कित्येकदा त्याच्या जागी 'आम्ही जात सोडली' याचा ताठा येऊन बसला. लक्ष्मीबाईंच्या लेखणीचा विशेष हा की, जुने सोवळे सोडल्याचा नवा तोरा तीत आढळत नाही. आपल्या वेडगळ समजुती त्या दुसऱ्या कोणाच्या असाव्यात अशा मोकळेपणाने सांगतात. आपल्यावर हसता येणे हे नम्रतेचे पुरेसे प्रमाण नव्हे, कारण हसविणाऱ्यालाही टाळ्या हव्या असतात. तथापि ज्याला ते मुळीच येत नाही, त्याने सावध असावे.

घेण्याच्या या परीक्षेचा नमुना खुद्द शुभवर्तमानात आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात ख्रिस्त कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र आपले पाय पुढे करीत नाही. वरवर पाहता ही किती नम्रता! गुरूने शिष्याचे पाय धुवावे, हे त्याला सहन होत नाही. परंतु ख्रिस्त त्याला स्पष्ट बजावतो की, हे घेतल्यावाचून तुझा माझ्याशी संबंध राहणार नाही. पेत्राला गुरूसाठी प्राण द्यावयास चालत होते. गुरूकडून सेवा घेणे जड जात होते. घरोघरी अशी माणसे असतात. सर्वांच्या आजारपणात ती रात्री जागवितात, आणि स्वतः आजारी पडली म्हणजे कोणाला उशाशी बसू देत नाहीत. त्यांच्या त्यागाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. तरी, आपण सदैव देणारे आणि इतर सदैव घेणारे, ही वाटणी त्यांनी मनात कायम केलेली नाही ना, हा प्रश्न त्यांना कोणी तरी प्रेमाने विचारावयास हवा.

ख्रिस्ती दृष्टीने हा प्रश्न शिष्टाचारापुरता नाही. त्या धर्माच्या मुळाशीच असे म्हणणे आहे की, तारण ही मनुष्याची कमाई नव्हे, देवाची देणगी होय. ज्याला घेता येत नाही त्याला ही देणगीही घेता येत नाही. म्हणूनच चोर आणि जकातदार यांच्यापेक्षा सद्गुणी मनुष्याविषयी ख्रिस्ताला अधिक काळजी वाटलेली दिसते.

याच जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केले. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अमानित्व हे पहिले, आणि त्याच्या पाठोपाठ अदंभित्व. ज्ञानेश्वरांनी दोन्ही विस्ताराने उलगडून दाखविली आहेत. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या टिळकांना हा वारसा परका नव्हता. फरक आहे तो एवढाच की, ख्रिस्ती मनुष्य या लक्षणाकडे एका व्यक्तीच्या चरित्राच्या द्वारे पाहतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने, देवाच्या स्वरूपाचा असूनही ज्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, तो ख्रिस्त नम्रतेचे माप म्हणून पुढे ठेविला आहे. शेजाऱ्याशी ताडून पाहिले तर प्रत्येकाला आपण बरेच नम्र वाटतो. या मापाशी ताडून पाहणे अवघड जाते.

येथे एक मोठा धोका आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. नगर जिल्ह्यात, राहुरी, वडाळा आणि भोवतालच्या खेड्यांत, जे लोक ख्रिस्ती मंडळीत आले त्यांतील पुष्कळ महार व मांग समाजांतील होते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना मान खाली घालून चालावयास लाविले, त्यांना 'गर्व सोडा' असा उपदेश करणे म्हणजे गावाने सांगितलेलेच चर्चमधून पुन्हा सांगणे होय. ज्या मुलाने शाळेत अक्षर गिरविले, पाटलाच्या समोर ताठ उभे राहून उत्तर दिले, त्याच्या ताठपणाला गर्व म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतःच्या गर्वाला धक्का बसल्याचे सांगत असतो. शुभवर्तमानातील मरीयेचे स्तोत्र बलवंतांस आसनावरून खाली उतरविते आणि दीनांस उंच करते. दोघांनाही एकच उपदेश करीत नाही. स्वाभिमानी मनुष्य समोरच्याच्या डोळ्यांस डोळा भिडवितो, गर्विष्ठ मनुष्य खाली पाहतो.

टिळकांच्या उत्तर आयुष्यात हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहिला. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दुष्काळात अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली. परंतु ते हिंदी ख्रिस्ती लोकांचे आश्रयदाते राहिले, बंधू झाले नाहीत, ही टिळकांची तक्रार होती. पैसा देणारा एक आणि हुकूमही देणारा तोच, असे झाल्यावर घेणारा मिंधा होतो आणि देणाऱ्याला आपला गर्व दिसेनासा होतो. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही स्थान होते. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते वारले. यात त्यांचा स्वाभिमान किती आणि अहंकार किती, याचा हिशेब बाहेरच्याने मांडण्यात अर्थ नाही. त्यांच्या तापट स्वभावाचे दाखले पत्नीच्याच पुस्तकात आहेत. तथापि मोठ्या पगारावर बसून स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांपेक्षा, पगार सोडून रिकाम्या हाताने निघालेल्याचा शब्द अधिक विश्वासार्ह वाटतो, यात नवल नाही.

शहरी सुशिक्षित कुटुंबात सोवळ्याची चूल सहसा राहिलेली नाही. पण हात आखडण्याचे प्रसंग रोजचे आहेत. मुलाने शब्दाचा अर्थ चुकल्याचे दाखविले, तर बापाचा पहिला उद्गार काय असतो? आपल्याच विषयातील दुसऱ्याची स्तुती ऐकताना 'पण' हा शब्द किती लवकर जिभेवर येतो? घरी काम करणाऱ्या बाईची क्षमा मागण्याची वेळ आली, तर ती शब्दांनी मागितली जाते, की पुढच्या सणाला लुगडे देऊन भागविली जाते? शेवटचा प्रकार विशेष चतुर आहे. त्यात ऋण फेडलेही जाते आणि देणाऱ्याची जागाही सुटत नाही. पत्राच्या अखेरीस 'आपला नम्र सेवक' असे लिहिणाऱ्याला उलट टपाली खरोखरच एखादे सेवकाचे काम कोणी सांगितले, तर त्याला काय वाटेल, हे मनाशी कल्पून पाहण्यासारखे आहे.

रात्री निजण्यापूर्वी दिवसाची झडती घेण्याची चाल ख्रिस्ती साधकांत जुनी आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला याने तिला पद्धतशीर रूप दिले. या झडतीचा आरंभ पापांच्या यादीने होत नाही, आभाराने होतो, म्हणजे दिवसभरात कोणाकडून काय मिळाले ते आठवून. गर्व शोधणाऱ्याला हा आरंभ फार उपयोगी पडतो. कारण ज्या दिवशी कोणाकडून काहीच मिळाल्याचे आठवत नाही, त्या दिवशी बहुधा मिळालेले पुष्कळ असते आणि घेतलेले काहीच नसते. मात्र ही झडती एकट्याने फार वेळ घेत बसू नये. आपल्या गर्वाचे सूक्ष्म पृथक्करण करण्यातही एक प्रकारची गोडी असते, आणि ती लागली की मनुष्य पुन्हा स्वतःभोवतीच फिरू लागतो. त्यापेक्षा आपल्याला रोज पाहणाऱ्या एखाद्या माणसाला, पत्नीला, पतीला, धाकट्या भावाला, सरळ विचारावे आणि उत्तर मिळाल्यावर लगेच खुलासा करू नये.

लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण असे फारसे झाले नव्हते. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, तेव्हा उरलेल्या अध्यायांपैकी बहुतेक या बाईंनी लिहिले. कोणाकोणाला विचारून, कानावर पडलेले ओवीच्या चालीत बसवून, थोडे थोडे करीत. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली त्या वारल्या.