तिसरा दोर कुठे बांधायचा?

परदेशात गणपतीचा मांडव आपला आपणच घालावा लागतो. समजा, कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्याला दोन आडवे दोर ओढताहेत: एक पूर्वेकडे ३०० न्यूटन बलाने, दुसरा उत्तरेकडे ४०० न्यूटनने. खांब सरळ राहायला तिसरा दोर कुठल्या दिशेला, किती जोराने ओढायला हवा?

दोन बलांत काटकोन आहे, म्हणून पायथागोरस: √(३००² + ४००²) = ५०० न्यूटन. दिशा टॅन सांगतो: ४०० ÷ ३००, म्हणजे पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे ५३ अंश. तिसरा दोर याच्या बरोबर उलट, पश्चिमेपासून दक्षिणेकडे ५३ अंशांवर.

पण हा दोर जमिनीतल्या खुंटीला बांधणार, म्हणजे तो तिरका. त्याचा फक्त आडवा घटक उपयोगी: ताण × कोसाइन = ५००. जमिनीशी कोन ४५ अंश असेल तर ताण ७०७ न्यूटन. जागा वाचवायला खुंटी खांबाजवळ ठोकली आणि कोन ६० अंश झाला, तर १००० न्यूटन, म्हणजे साधारण १०२ किलोचं वजन! ७५ अंशांना तर जवळजवळ दुप्पट.

खाली मुलं आरतीला उभी असतात. तेव्हा खुंटी निदान खांबाच्या उंचीइतकी तरी लांब ठोका.