होम थिएटर प्रोजेक्टरवरील चित्राची जुळवणी : 'संत तुकाराम' व अजिंठा यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अजिंठ्याची लेणी खानदेशाच्या सीमेलगत असली, तरी बोदवडसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक विद्यार्थ्यांना तेथील भित्तिचित्रे प्रथम दिसतात ती वर्गातील पडद्यावरच. जुन्या मराठी चित्रपटांचेही तसेच आहे. त्यामुळे पडद्यावरील चित्र मूळ कलाकृतीशी प्रामाणिक असणे, हा अध्यापनाचाच भाग ठरतो. घरगुती वापरासाठीचा होम थिएटर प्रोजेक्टर वर्गात वापरताना चित्राची जुळवणी कोणत्या क्रमाने करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१) अंधार :
प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. प्रकाश न पडलेला पडदा हाच त्याचा काळा रंग होय. खिडकीतून उजेड येत असेल, तर कोणत्याही जुळवणीने चित्रातील काळेपणा वाढत नाही. म्हणून प्रथम खिडक्यांना जाड पडदे लावावेत.

२) आकार :
प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवावा. 'कीस्टोन'ने तिरकेपणा जातो, परंतु चित्रबिंदू वाया जाऊन रेखीवपणा घटतो. त्यानंतर चित्राचे लांबी-रुंदीचे प्रमाण पाहावे. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (प्रभात, १९३६) या चित्रपटाची चौकट ४:३ च्या जवळपास आहे. ती १६:९ मध्ये ताणल्यास विष्णुपंत पागनीसांचा चेहरा सुमारे एक तृतीयांशाने रुंद दिसतो. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहिल्या तरी मूळ प्रमाणच ठेवावे.

३) काळे व पांढरे :
'ब्राइटनेस' या नावाने गैरसमज होतो. त्याने मुख्यतः चित्रातील काळ्याची पातळी ठरते, तर 'कॉन्ट्रास्ट'ने पांढऱ्याची. अंधाऱ्या दृश्यावर ब्राइटनेस हळूहळू कमी करावा व सावलीतील तपशील बुडू लागताच किंचित वाढवावा. उजळ दृश्यावर कॉन्ट्रास्ट वाढवत न्यावा आणि पांढऱ्या वस्त्राच्या चुण्या पुसट होऊ लागताच थोडा मागे घ्यावा. ही दोन्ही नियंत्रणे परस्परांवर परिणाम करतात, म्हणून दोन्ही तपासण्या पुन्हा एकदा कराव्यात.

४) रंग :
'डायनॅमिक' हा प्रकार सर्वाधिक उजळ असतो, परंतु दिव्यावर चालणाऱ्या अनेक प्रोजेक्टरांत त्यामुळे हिरवट छटा येते, कारण त्या दिव्याच्या प्रकाशात लाल रंगाचा अंश कमी असतो. 'सिनेमा' हा प्रकार निवडून रंगतापमान ६५०० केल्विनच्या जवळ ठेवावे. कृष्णधवल चित्रपट येथे उत्तम कसोटी ठरतो. त्यातील करडा रंग निळसर किंवा हिरवट दिसल्यास जुळवणी बिघडलेली आहे, असे समजावे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबडी व पिवळी गेरूमाती, हिरवी माती, काजळी आणि लाजवर्दाचा निळा रंग वापरला. हे रंग मुळात मातकट व संयत आहेत. पडद्यावर ते भडक दिसल्यास पद्मपाणीच्या चित्राविषयीचे आपले विवेचन विद्यार्थ्याला पटणार नाही.

५) शार्पनेस :
याने नवा तपशील निर्माण होत नाही. अक्षरांच्या व आकृत्यांच्या कडांभोवती पांढऱ्या रेघा दिसू लागल्यास ते कमी करावे.

समारोप :
अंधार, आकार, काळे-पांढरे, रंग आणि शेवटी शार्पनेस हा क्रम पाळल्यास मापनयंत्राशिवायही समाधानकारक चित्र मिळते. ही जुळवणी 'युजर' स्मृतीत साठवून तिचे आकडे विभागाच्या वहीत नोंदवावेत. दिवा वापराने मंदावतो, म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी फेरतपासणी करावी. विद्यार्थ्याच्या मनात पडद्यावरचे चित्रच मूळ म्हणून राहणार असल्याने एवढी दक्षता अध्यापकाने घेणे उचित ठरते.