भिंतीला भोक पाडण्याआधी हे वाचा!

10 जुलै 2024, बुधवार. सकाळचे सव्वासात वाजले होते. नांदेडच्या आमच्या रूमवर मी अर्धवट झोपेत, आणि अचानक पलंग हलला. आधी वाटलं रूममेट उठवतेय. मग खिडकीची तावदानं थरथरली आणि पाठोपाठ धाडकन आवाज झाला. पलंगाच्या वर मी स्वतः, मोठ्या हौसेनं ठोकलेलं पुस्तकांचं शेल्फ एका बाजूनं निखळून लटकत होतं. ‘मास कम्युनिकेशन’चं जाडजूड पुस्तक रूममेटच्या उशीवर पडलं होतं. ती पाच मिनिटांपूर्वीच ब्रश करायला उठली होती, म्हणून वाचली.

हिंगोलीच्या बाजूला 4.5 रिश्टरचा धक्का बसला होता. नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. शहरात भिंती जागेवर, घरं जागेवर. पडलं काय, तर माझं शेल्फ! म्हणजे दोष भूकंपाचा नव्हता, माझ्या कामाचा होता.

मित्रांनो, आपल्यापैकी निम्मे जण भाड्याच्या रूमवर राहतात. कुणी लातूरला नीटच्या तयारीसाठी, कुणी नांदेडला विद्यापीठात. रूम म्हणजे चार भिंती, एक ट्यूबलाइट आणि गळका नळ. शेल्फ, टेबल, पडदा, कूलर, सगळं आपलं आपणच बघायचं. आणि खरं सांगू? ते करायला मजाही येते. मोबाइलवर व्हिडिओ बघितला, हातोडी उचलली, झालं काम. फक्त व्हिडिओवाल्याला आपली भिंत कशाची आहे ते माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत पाहिजे.

आधी सामान जमवा, तेही चौघांत मिळून

प्रत्येकानं वेगळी ड्रिल मशिन घ्यायची काहीच गरज नाही. हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, एक पाना, मेजर टेप, टेस्टर, करवत, एवढं सामान चार रूममध्ये मिळून एक घेतलं तरी पुरतं. ड्रिल ओळखीच्या सुताराकडून किंवा वायरमनकडून तासाभरासाठी मागून आणा. सोबत डोळ्यांना चष्मा हवाच. भुगा डोळ्यात गेला की अख्खा दिवस वाया जातो.

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडला जुन्या मोंढ्याकडे हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर ‘एक शेल्फ लावायचंय’ एवढंच सांगून थांबू नका. भिंत विटेची आहे का, शेल्फवर वजन किती येणार, हे सांगा. दुकानदार काका मग बरोबर मापाची गिट्टी आणि स्क्रू काढून देतात. गिट्टी म्हणजे भिंतीच्या भोकात बसवायची ती प्लास्टिकची नळी. स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भिंतीला घट्ट धरते. सगळं वजन तिच्यावर असतं.

माझं शेल्फ का पडलं?

घरमालक काकांनी जुन्या गवंड्याला बोलावलं. त्यानं लटकलेला स्क्रू बोटानं ओढून काढला आणि हसला. ‘बाई, तुमचा खिळा तर भिंतीत गेलाच नाही, पापुद्र्यात अडकलाय.’

त्याचं म्हणणं असं. भिंतीवर आधी अर्धा इंच प्लास्टर असतं, कधी त्याहून जास्त. मी लावलेला स्क्रू होता इंचभराचा. शेल्फच्या अँगलची जाडी आणि प्लास्टर वजा केलं, तर विटेत किती गेला? जवळजवळ नाहीच. त्यात भोक मोठं झालं म्हणून मी गिट्टीभोवती माचिसच्या काड्या कोंबल्या होत्या. हा जुगाड आपल्याकडे घरोघरी चालतो. कॅलेंडर टांगायला चालतो, पुस्तकांना नाही. माझी पुस्तकं नंतर वजनकाट्यावर ठेवली तर 22 किलो भरली.

मग दुसऱ्यांदा शेल्फ लावलं, त्या गवंड्याच्या सांगण्यावरून. तुम्हीही याच क्रमानं करा.

1. भिंत वाजवून बघा. बोटाच्या पेरानं ठोका. ‘ठक ठक’ आवाज आला तर भरीव. ‘भद भद’ आला तर प्लास्टर सुटलंय, ती जागा सोडा.

2. वायर कुठून गेली ते ओळखा. स्विचबोर्डातून वायर सहसा सरळ वर किंवा सरळ आडवी जाते. बोर्डाच्या वरची, खालची आणि दोन्ही बाजूंची एकेक वीत जागा टाळा. बाथरूमच्या मागच्या भिंतीत पाइप असतो, तिथंही ड्रिल नको. आणि ड्रिल करताना त्या खोलीचा मेन बंद असेल तर उत्तम. मशिन बाहेरच्या खोलीतून चालवा.

3. लेव्हल काढा. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतला बुडबुडा जाऊ द्या. नळीची दोन टोकं दोन खुणांजवळ धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर येतं. मोबाइलच्या ॲपपेक्षा ही नळी भरवशाची.

4. ड्रिलच्या बिटला चिकटपट्टी लावा. जेवढं खोल जायचं तिथं पट्टी, म्हणजे अंदाज चुकत नाही. गिट्टीच्या लांबीपेक्षा चिमूटभर जास्त खोल जा.

5. भुग्याचा रंग बघा. आधी राखाडी भुगा येईल, तो प्लास्टरचा. मग लाल आला की वीट लागली, बरोबर चाललंय. राखाडीच येत राहिला आणि मशिन अडखळायला लागली, तर समोर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. थांबा. तिथं आत सळई असते, जागा बदला.

6. गिट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी गेली पाहिजे. सैल बसली तर काड्या नकोत. एक माप मोठी गिट्टी घ्या किंवा भोक सिमेंटनं भरून, वाळू देऊन, शेजारी नवीन पाडा. पुस्तकांसाठी 8 मिलिमीटरची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू, त्याहून बारीक नको.

7. दोन अँगलमध्ये दोन फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. फळी मधे वाकते आणि वाकली की वरचा स्क्रू ओढला जातो. जड पुस्तकं भिंतीला चिकटून ठेवा, पुढच्या कडेला नाही.

आणि खोल्यांच्या मधल्या पातळ भिंती, म्हणजे 4 इंची, यांच्यावर जड शेल्फ लावूच नका. बाहेरची 9 इंची भिंत बघा. नाहीतर सरळ जमिनीवर उभं राहणारं रॅक घ्या आणि वरच्या बाजूला एक छोटा एल अँगल मारून भिंतीला धरून ठेवा.

माझं नवं शेल्फ आता टेबलाच्या वर आहे. पलंगाच्या वर आता फक्त पंखा.

गळका नळ: दहा मिनिटांचं काम

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील, घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेलेही असतील. त्या गावात नळ ठिबकत राहावा, हे काही बरं नाही.

हिशोब साधा आहे. साधारण 20 थेंबांचं एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. महिन्याचे 130 लिटर. विश्वास नसेल तर रात्री नळाखाली तांब्या ठेवा, सकाळी मोजा.

नळ जुन्या पद्धतीचा, म्हणजे चारपाच वेळा फिरवायचा असेल, तर बहुतेक वेळा आतलं वायसर झिजलेलं असतं. आधी मेन कॉक बंद करा (हे विसरलात तर अंघोळ पक्की!). पान्यानं वरचा भाग उघडा, जुनं वायसर काढून तेच दुकानात न्या, त्याच मापाचं आणा, बसवा. अर्ध्या फेऱ्यात बंद होणारा नळ असेल तर आतलं स्पिंडल बदलावं लागतं, पण पद्धत हीच. जोडावरून पाणी झिरपत असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, आटे ज्या दिशेनं घट्ट होतात त्याच दिशेनं.

कूलर: इथं जुगाड बंद

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलरशिवाय झोप नाही. जुना पत्र्याचा कूलर घेऊन त्यात नवी वाळ्याची ताटी, नवा पंप बसवणं तुम्ही करू शकता. कूलर खिडकीत लावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. सगळं बंद केलंत तर दमट हवा आतच कोंडते आणि मग ‘कूलर गार करत नाही’ म्हणून आपण त्यालाच नावं ठेवतो.

पण पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आली की चुकीला माफी नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, आपल्याच पेपरात येतात. त्यामुळे काही गोष्टी पक्क्या. तीन पिनांचाच प्लग. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून जाड पिन कापायची नाही. ती अर्थिंगची पिन असते. पाणी भरताना प्लग नुसता बंद नाही, काढून ठेवायचा. एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर नको. पत्र्याला टेस्टर लावून बघा, दिवा लागला तर कूलर लगेच बंद. अर्थिंग तपासायचं काम वायरमनचं, आपलं नाही. घरमालकाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. वीज गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो.

कुठं थांबायचं?

हा प्रश्न मला शेल्फनं शिकवला, पण आपल्या भागाला तो 30 सप्टेंबर 1993 ला शिकवला गेला. पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

माणसं गेली ती घरांखाली. दीड-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती दिसायला भक्कम. पण बऱ्याच भिंतींत बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मधे नुसती भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार लांब दगड नाही. वर माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर माती चढवत गेलेले. धक्का बसला तसे थर फुटले आणि मातीचं ओझं खाली आलं.

नंतर जे झालं ते मात्र आपल्या विषयाचं आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं पुनर्वसन हाती घेतलं. 52 गावं नव्या जागी वसली. बाकीच्या शेकडो गावांत लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुती झाली, आणि त्यातलं बरंचसं काम घरमालकांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. अनुदान सरकारचं, मार्गदर्शन इंजिनिअरचं, मेहनत आणि देखरेख घरच्यांची. दगडी भिंतीत आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरायचं. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपा आधार द्यायचा. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेनं गावोगावच्या महिलांना या कामात उतरवलं. ज्या बायकांना कुणी घराबद्दल विचारत नव्हतं, त्या सिमेंट-वाळूचं प्रमाण तपासू लागल्या. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा इथल्या महिला तिकडच्या गावांना अनुभव सांगायला गेल्या.

त्या लोकांनी भोक कुठं पाडायचं ते आधी विचारून घेतलं होतं, मग हत्यार उचललं. आपणही तेच करायचं.

म्हणून गावाकडच्या घरी सुट्टीत काही करायचं मनात असेल तर लक्षात ठेवा. दगड-मातीच्या भिंतीत नवी खिडकी फोडणं, स्लॅबला छिद्र पाडणं, कॉलम तासणं, ही कामं इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. जुन्या माळवदावर पाण्याची टाकी नाही. 1000 लिटरची टाकी भरली की तिच्यातलं नुसतं पाणीच एक टन होतं. आणि मीटरपासून मेनपर्यंतच्या वायरला हात नाही, कितीही व्हिडिओ बघितले असले तरी.

बाकी शेल्फ लावा, नळ दुरुस्त करा, टेबल बनवा. फक्त आज रात्री झोपण्याआधी एक काम करा. पलंगावर आडवे व्हा आणि वर बघा. डोक्यावर काय टांगलंय? जड असेल तर उद्याच खाली उतरवा. आणि धक्का जाणवलाच तर धावत जिन्याकडे सुटू नका. खाली वाका, मजबूत टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरून ठेवा. टेबल तुम्हीच बनवलेलं असेल तर त्याचे स्क्रू आधी तपासून ठेवा म्हणजे झालं!