पळसनाथ आणि बुडालेल्या वारशाचा कायदा

पुणे-सोलापूर महामार्गावर लोणी देवकरच्या शेजारी पळसदेव आहे. जुने पळसदेव भीमेच्या काठी होते. उजनी धरणात पाणी अडवल्यावर ते बुडाले, देव नव्या गावठाणात आले आणि पळसनाथाचे हेमाडपंती देऊळ मात्र पाण्यात राहिले. उजनीची साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. धरण बरेच ‘उणे’त, म्हणजे मृतसाठ्यात, गेले की आधी शिखर डोके काढते, मग मंडप. 2024 च्या उन्हाळ्यात सगळे देऊळ उघडे पडले आणि पाहणाऱ्यांची रीघ लागली.

असे देऊळ राखायचे कोणी? 1958 चा केंद्रीय आणि 1960 चा महाराष्ट्राचा कायदा स्मारकाला संरक्षण देतो, पण त्यासाठी अधिसूचना निघावी लागते; नुसते जुनेपण पुरत नाही. 2001 चा युनेस्कोचा करार अधिक नेमका आहे. शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या मानवी खुणा तो वारसा मानतो, मग त्या कायम पाण्यात असोत वा अधूनमधून. तो विक्रीला बंदी घालतो, वस्तू जागच्या जागी जपण्याला पहिली पसंती देतो आणि धक्का न लावता पाहायला येणाऱ्यांना मोकळीक देतो. भारताने तो स्वीकारलेला नाही. पळसनाथाला तो तसाही लागू पडला नसता: देऊळ बुडून अजून शंभर वर्षे झाली नाहीत, आणि गोड्या जलाशयांना नियम लावायचे तर देशाला वेगळे जाहीर करावे लागते.

गोड्या पाण्यातला वारसा राखण्याचा मोठा अनुभव अमेरिकेतल्या मिशिगन राज्याकडे आहे. 1980 च्या कायद्याने तिथे सरोवरतळाच्या बुडीत जहाजांवरून परवान्याशिवाय वस्तू काढणे गुन्हा ठरले; बुडी मारून पाहणे खुले राहिले. पुढे तिथला थंडर बे हा उपसागर केंद्र सरकारच्या अभयारण्यात घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 1997 मध्ये त्याच्या काठच्या अल्पेना शहराच्या मतदारांनी विरोधी कौल दिला. मासेमारी आणि पाणबुडेगिरीवर सरकारचा हात पडेल, ही भीती होती. राज्याला कारभारात बरोबरीचा वाटा देऊन 2000 मध्ये अभयारण्य झाले. 2014 मध्ये ते कितीतरी पट वाढले, तेव्हा स्थानिकांचा पाठिंबा होता.

मालवणात मात्र स्थानिकांचा असा विश्वास जुळला नाही. 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे धुमसत राहिला. त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवती रॉकजवळ निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आखली गेली. मुद्दाम बुडवलेल्या जहाजाचे नियम आधी आखता येतात. पळसदेवात गर्दी आधी झाली.

उजनीत नियमांची गरज दगडाइतकीच माणसासाठी आहे. 21 मे 2024 रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. ती प्रवासी बोट होती. पण देवळाकडे होड्या जातात त्या याच फुगवट्यातून. जीवरक्षक जाकीट, होडीची तपासणी, वाऱ्यात फेऱ्या बंद आणि शिखरावर चढण्यास मनाई, एवढे नियम कोणत्याही करारावाचून लागू करता येतील. मासेमार आणि पळसदेवकर यांनाच राखणदारीत घेतले, तर ते पाळलेही जातील.

एक गोष्ट मात्र कोणत्याही स्मारक-नियमात बसत नाही. सतत पाण्याखाली राहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा भिजणे-वाळणे बांधकामाला अधिक झिजवते, आणि उजनीची पातळी देवळाकडे पाहून ठरत नाही. ती पावसावर, शेतीच्या आवर्तनांवर आणि सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यावर ठरते.