पाण्याच्या संगतीनं पिट्सबर्गपर्यंत

मुलांनो, तो नकाशा जरा इकडे सरकवा. घर पिट्सबर्गला, म्हणून सायकल सहलही पिट्सबर्गहून सुरू करायची आणि कंबरलंडला संपवायची, असं तुमचं ठरलंय. मी म्हणतो, उलटं करा. पहाटेच्या गाडीत सायकली चढवा, कंबरलंडला उतरा आणि तिथून घराकडे या. का, ते सांगतो.

ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही सगळी वाट २४० किलोमीटरची. आज तिच्यावर चुनखडीची बारीक कच पसरलेली आहे, पण कंबरलंडकडच्या निम्म्या भागावर एके काळी वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचे रूळ होते. १९७५ साली हा मार्ग बंद पडला. १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ सायकलवाटेचा पहिला तुकडा खुला झाला आणि २०१३ मध्ये वाट थेट पिट्सबर्गच्या टोकापर्यंत पोचली.

आता आगगाडीचा स्वभाव बघा. पोलादी चाक पोलादी रुळावर किती सहज धावतं! घर्षण कमी, म्हणून थोड्या ताकदीत केवढा तरी माल ओढता येतो. पण घर्षण कमी म्हणजे पकडही कमी. चढ जरा वाढला की चाकं जागच्या जागी गरगरतात. पुण्याला येताना कर्जतला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिनं लागतात, ती यासाठीच. भोर घाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर चढावं लागतं. ॲलेगेनीच्या डोंगरात अभियंत्यांनी याहून सौम्य चढ राखला. सगळ्यात अवघड जागी १०० मीटरला पावणेदोन मीटर, बस. हजार टनांच्या गाडीला तेवढ्यानंही घाम फुटतो. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ७० किलो धरलं, तर तो चढ तुम्हाला सव्वा किलोच्या जोरानं मागे ओढणार. सव्वा किलो! इंजिनाचे लाड पुरवायला खणलेला रस्ता आज पोराटोरांना आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनाही झेपतो.

कंबरलंडहून ३८ किलोमीटरवर वाटेचा माथा लागतो, ७२९ मीटर उंचीवर. म्हणजे साडेपाचशे मीटरचा चढ एका दमात. त्यानंतर मात्र पिट्सबर्गपर्यंत दोनशे किलोमीटर बहुतेक उतारच, तोही इतका मंद की १०० मीटरला जेमतेम पाव मीटर. तुमच्या बेतात ही दोनशे किलोमीटर न दिसणारी चढण झाली असती. डोळ्यांना सपाट दिसतं आणि पाय का दुखतात ते कळत नाही. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी, अंगात ताकद असताना, उघड दिसणारा चढ चढून मोकळं व्हावं.

माथ्यावरची पाटी नीट वाचा. तिच्या पूर्वेला पडलेला थेंब विल्स क्रीकमधून पोटोमॅक नदीत आणि पुढे अटलांटिकला जातो. पश्चिमेचा थेंब कॅसलमन, यॉकगेनी, मोनोंगाहेला, ओहायो आणि मिसिसिपी अशा नद्या बदलत मेक्सिकोच्या आखातात पोचतो. आपल्या महाबळेश्वरलाही असंच आहे: सावित्री अरबी समुद्राला जाते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तुम्ही पश्चिमेच्या थेंबाबरोबर जायचं.

माथ्याच्या थोडं अलीकडे बिग सॅव्हेज बोगदा आहे, जवळजवळ एक किलोमीटरचा. आत दिवे आहेत, तरी सायकलचा दिवा लावा आणि अंगात जाकीट घाला. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो. हिवाळ्यात बोगद्याची दारं लावून घेतात. खडकातून पाणी सतत झिरपत असतं. ते गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि अस्तराला तडे पाडतं. म्हणून डिसेंबर ते एप्रिलची सुरुवात हा काळ आपल्या बेतातून बाद.

पहिला मुक्काम मायर्सडेलला, ५१ किलोमीटर. दुसरा ओहायोपाइलला, आणखी ६४. तिथं मात्र सकाळी निघायची घाई करू नका. नदी एका उंचवट्याला नालेसारखा वळसा घालते, त्याला फर्नक्लिफ म्हणतात. यॉकगेनी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. दक्षिणेच्या रानातल्या बिया तिच्याबरोबर वाहत येतात, या वळणाला लागतात आणि घळीतल्या ऊबदार हवेत रुजतात. एरवी इतक्या उत्तरेला सहसा न आढळणाऱ्या वनस्पती तिथं वाढलेल्या आहेत. मला या सगळ्या वाटेवर याहून मोठा चमत्कार दुसरा वाटत नाही.

तिथंच नदीकाठच्या खडकावर वाकून बघा. शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणांच्या ओळी दिसतील. एकेक खूण म्हणजे एकेक पान गळून पडल्याची जागा. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथल्या दलदलीत लेपिडोडेंड्रॉन नावाची ३० मीटर उंचीची झाडं होती, त्यांच्या सालीचे हे ठसे. अशाच झाडांचा पुढे कोळसा झाला. कोळसा होता म्हणून खाणी आल्या, आणि खाणींपाठोपाठ रूळ.

तिसऱ्या दिवशी वेस्ट न्यूटनपर्यंत ६७ किलोमीटर आणि चौथ्या दिवशी घरापर्यंत ५८. या टप्प्यात कुठं कुठं कडेचे ओहोळ नारिंगी दिसतील. जुन्या खाणींत लोह आणि गंधकाचं खनिज उघडं पडलेलं असतं. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, लोह विरघळतं आणि बाहेर येऊन गंजाच्या रंगाचा गाळ धरतं. कोळसा निघून गेला, खाणी बंद झाल्या, पण ती क्रिया अजून चालूच आहे. हे पाणी पिऊ नका. बाटल्या गावातच भरून घ्या.

सामान थोडकं: जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, रेनकोट. कच पावसानं मऊ पडते, तेव्हा अगदी अरुंद टायरच्या सायकली नकोत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तुमची आजी देईलच. मी जूनअखेर सुचवतो: बोगदा उघडा, शाळेला सुट्टी आणि दिवस जवळजवळ पंधरा तासांचा. गाडीत सायकलींसाठी जागा मोजक्याच असतात, तेव्हा मुक्कामाच्या खोल्यांआधी तिकिटं काढा.