शाई सांडली? घासू नका, टिपा!

गेल्या दिवाळीत मी अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. दुपारी सगळे पेंगत होते आणि बैठकीतून आवाज येत होता, खसाखस, खसाखस! जाऊन पाहतो तर सातवीतली भाची सतरंजीवर ओणवी झालेली. शेजारी गरम पाण्याची बादली, हातात ब्रश आणि हात कोपरापर्यंत काळे! शाळेच्या प्रकल्पासाठी चित्रं छापायची होती. प्रिंटरमध्ये सिरिंजने शाई भरताना बाटली कलंडली.

सतरंजी होती आजींच्या लग्नातली, अकोटची. अकोट पूर्वीपासून सुती सतरंज्यांसाठी नावाजलेलं. रुपयाएवढा डाग घासून घासून ताटाएवढा झाला होता. "मामा, आजीला सांगू नका ना," म्हणत ती रडायलाच लागली. तेवढ्यात आजीच दारात! त्या म्हणाल्या, "अवं, काहून घासून राह्यली? टिप ना!"

आजींच्या त्या एका शब्दात सगळं शास्त्र आहे. कसं ते पाहू.

आपल्या वऱ्हाडचा कापूस पाण्याचा मोठा दोस्त. ज्या गुणामुळे सुती सदरा मे महिन्यात घाम टिपतो, त्याच गुणामुळे तो शाईही पिऊन टाकतो. घासलं की शाई धाग्यात खोल जाते आणि बाजूला पसरते. शिवाय शाई-शाईत फरक असतो. प्रिंटरच्या रंगीत शाईत बहुधा पाण्यात विरघळलेला रंग असतो. तो पाण्याने बराच सुटतो. काळ्या शाईत मात्र पुष्कळदा काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते विरघळत नाहीत, धाग्यांत अडकून बसतात. म्हणून काळा डाग जास्त हट्टी!

मग करायचं काय?

१) जुना पांढरा सुती कपडा किंवा टीपकागद डागावर दाबून धरा. काळा झाला की दुसरा घ्या. नेहमी कडेकडून मधे टिपत या.

२) कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. सतरंजीचा रंग फडक्याला लागला, तर तिथेच थांबा.

३) रंग पक्का असेल तर थोडं थंड पाणी शिंपडून पुन्हा टिपा. मग दोन कप थंड पाण्यात चमचाभर भांड्यांचा पातळ साबण घालून तेच करा. शेवटी साध्या पाण्याने साबण काढा.

४) तरीही डाग उरला, तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हलकेच टिपायचं. हे काम आई-बाबांचं! स्पिरिट चटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ गॅस किंवा दिवा नको. याचीही परीक्षा आधी कोपऱ्यात घ्यायची.

५) डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको. सावलीतच वाळवा.

लेझर प्रिंटरची गोष्ट वेगळी. त्यात शाई नसतेच, प्लॅस्टिकची बारीक रंगीत पूड असते आणि ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. ती कपड्यावर सांडली तर नाकाला फडकं बांधा, कपडा बाहेर नेऊन कोरडाच हळू झटका आणि मग थंड पाण्याने धुवा. गरम पाणी लावाल तर डाग पक्का होईल!

पालकांसाठी एक सूचना: डाग जात नाही म्हणून ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

गंमत म्हणजे, जाऊ नये अशी 'शाई'ही आपल्याकडे रानात मिळते. मेळघाटातला बिब्बा तुम्हाला माहीत असेल. त्याच्या रसात चुना मिसळला की काळीभोर खूण उमटते आणि ती धुऊन जात नाही. कोणाचा कपडा कोणाच्या घरचा, हे ओळखण्यासाठी परीट लोक अशी खूण करत. इंग्रजांनी तर या बिब्ब्याचं नावच 'मार्किंग नट' ठेवलं. पण खेळ म्हणून करून पाहू नका हं! बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजते. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या आयाबायांना विचारा, त्यांचे हातच सांगतील.

आता सतरंजीचं काय झालं ते सांगतो. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून सतरा फडकी काळी केली. डाग पुष्कळ गेला, पण एक राखाडी सावली मागे राहिली. भाची मान खाली घालून उभी होती. आजींनी तिला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "सांडल्याबरोबर मले आवाज दिला असता, त एवढाही राह्यला नसता."

ती सतरंजी आजही त्यांच्या बैठकीत अंथरलेली असते. प्रिंटर मात्र आता फरशीवर ठेवतात, आणि शाई भरायची असली की भाची आधी आजीला हाक मारते.